बोडीतला लिबलिबीत गोळा आणि समुद्रातला बोट्रिलस

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं आहे: "आमच्या गावच्या बोडीत (लहान तळ्यात) पोरांना बेशरमाच्या झुडपाच्या बुडालेल्या काडीला चिकटलेला जेलीसारखा गोळा सापडला. अंगावर बारीक फुलांची नक्षी आहे. मोबाइलच्या ॲपमध्ये फोटो टाकला तर 'बोट्रिलस श्लोसेरी' असं नाव आलं. म्हणे वसाहत करून राहणारा सी स्क्वर्ट. दहावीच्या पुस्तकात हर्डमानिया आहे, हा त्याचाच भाऊबंद ना? मग आपल्याकडे कसा आला? विज्ञान प्रदर्शनात ठेवायचा आहे, त्याचं राहणं-खाणं, पिल्लं कशी होतात, सगळं सविस्तर सांगा."

मॅडम, आधी स्पष्टच सांगतो. तुमच्या बोडीत बोट्रिलस नाही, आणि असूही शकत नाही. पोरांना जे सापडलं ते जिवंत आहे, वसाहत करून राहणारंच असावं, आणि प्रदर्शनात ठेवायला मुळीच कमी नाही. पण तो प्राणी वेगळा. त्याच्याकडे नंतर येतो. तुम्ही बोट्रिलसबद्दल विचारलंच आहे तर तेही सगळं सांगतो, कारण त्याच्याबद्दल विचारणारं माणूस आपल्या भागात सहसा भेटत नाही. माझी सगळी नोकरी समुद्राकाठी गेली: धक्क्याचे खांब, बोया, बोटींची बुडं यांना काय काय चिकटतं ते खरवडून बघायचं, हेच काम. गाव मात्र साकोलीकडचं, त्यामुळे बोडी काय आणि बेशरम काय, मला ओळख करून द्यायला नको.

आधी "असू शकत नाही" असं इतक्या ठामपणे का म्हणतो ते. सी स्क्वर्ट म्हणजे समुद्रात टणक गोष्टींना चिकटून बसणारे, पाणी गाळून खाणारे प्राणी; त्यांना शास्त्रात ॲसिडियन म्हणतात. जगात त्यांच्या सुमारे ३००० जाती माहीत आहेत आणि त्यातली एकही गोड्या पाण्यात राहत नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आपल्या बोडीच्या पाण्यात एक ग्रॅमही नसतात. ॲसिडियनचं रक्त जवळपास समुद्राइतकंच खारट. मरळ किंवा रोहू गोड्या पाण्यात जगते, कारण तिची मूत्रपिंडं अंगात शिरलेलं जादा पाणी सतत बाहेर टाकत असतात आणि कल्ले पाण्यातून क्षार ओढून घेत असतात. ॲसिडियनकडे ही सोयच नाही. बाहेरचं पाणी जेवढं खारट तेवढंच आतलं. गोड्या पाण्यात पडला की पाणी पेशींमध्ये शिरत राहतं, पेशी फुगतात आणि वसाहत मरते. कालवं आणि शिंपले पाळणारे लोक याच गोष्टीचा फायदा घेतात. माळा काही वेळ गोड्या पाण्यात बुडवून काढल्या की त्यांच्यावर चढलेले ॲसिडियन मरतात, शिंपला मात्र तोंड मिटून बसतो. बोट्रिलस त्याच्या भाऊबंदांत बराच सोशीक आहे. खाडीच्या तोंडाशी क्षार लिटरला १५ ग्रॅमपर्यंत उतरले तरी तग धरतो. पण नीट वाढायचं आणि पिल्लं व्हायची तर ढोबळमानाने २५ च्या वर लागतात.

मग कोणी म्हणेल, लोणारचं सरोवर तर आपल्याच विदर्भात आहे आणि खारं आहे, तिथे का नाही? मुलं हे विचारतीलच, म्हणून सांगून ठेवतो. खारटपणा सगळा सारखा नसतो. लोणारच्या पाण्यात सोडियमचा कार्बोनेट भरपूर, त्याचा सामू दहाच्या आसपास; समुद्राचा आठच्या थोडा वर. इतक्या अल्कधर्मी पाण्यात काही जिवाणू, सूक्ष्म शेवाळं आणि थोडे चिवट जीव सोडले तर कोणाचं जमत नाही. २०२० च्या जूनमध्ये ते सरोवर गुलाबी झालं होतं ते अशाच खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्याचंही तसंच: विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पण त्या क्षारांचं गणित समुद्राचं नव्हे. आणि समजा सगळं जुळलं तरी बोट्रिलसची अळी पोहते काही तास, चिकटते ती जवळपासच. समुद्रापासून विदर्भात यायला तिला वाटच नाही. म्हणून आमच्या कामात प्राण्याचं नाव विचारण्याआधी पाणी कुठलं ते विचारतात. ॲपला फक्त फोटो दिसतो, पाण्याची चव कळत नाही.

ॲप फसलं यात नवल नाही म्हणा. बोट्रिलस श्लोसेरीने माणसांनाही बराच काळ फसवलं आहे. १७६६ मध्ये पल्लास या शास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं तेव्हा त्याला प्रवाळासारख्या मऊ प्राण्यांच्या गटात घातलं होतं. श्लोसर नावाच्या डच डॉक्टरवरून 'श्लोसेरी'. त्या काळी समज असा की अंगावरच्या नक्षीतली एक चांदणी म्हणजे एक प्राणी, आणि पाकळ्या म्हणजे त्याचे हात. फ्रान्सच्या साव्हिन्यीने १८१६ मध्ये बारकाईने चिरून दाखवलं की प्रत्येक पाकळी हाच एक पूर्ण प्राणी आहे.

ती पाकळी, म्हणजे एक जीवक, दोन ते चार मिलिमीटरची. पाच-दहा, कधी जास्त जीवक गोल करून बसतात, डोकी बाहेरच्या बाजूला आणि शेपटाकडची बाजू मधोमध. अशी एकेक चांदणी, आणि अशा कित्येक चांदण्या एकाच पारदर्शक, चिवट गरात रुतलेल्या. त्या गराला कंचुक म्हणतात. कंचुकात सेल्युलोज असतं, हो, झाडाच्या देठात असतं तेच. प्राण्यांमध्ये सेल्युलोज स्वतः बनवणारा गट म्हणजे ॲसिडियन आणि त्यांचे सगेसोयरे. ते बनवण्याचं जनुक फार पूर्वी जिवाणूकडून त्यांच्या पूर्वजांत आलं असावं असं मानतात. वसाहत जाडीला काही मिलिमीटर, पसरली तर तळहाताएवढी. रंग विचारू नका: पिवळा, केशरी, जांभळा, तपकिरी, काळपट करडा, कधी पांढऱ्या रेघांचा. एकाच दोरीवर शेजारी शेजारी चार रंगांच्या वसाहती सापडतात, आणि रंगाची ठेवण आईबापाकडून येते.

प्रत्येक जीवकाला पाणी आत घ्यायचं तोंड स्वतःचं. वापरलेलं पाणी मात्र चांदणीच्या मधल्या एकाच सामाईक भोकातून बाहेर जातं. जुन्या वाड्यात बिऱ्हाडागणिक दार वेगळं आणि मोरी एक, तशी ही व्यवस्था. फायदा असा की सगळ्यांचं पाणी मिळून एक जोरदार झोत होतो आणि घाण लांब फेकली जाते. एकेकट्याचा झोत इतका कमजोर की तेच पाणी परत तोंडात आलं असतं.

खाणं म्हणाल तर गाळणं. जीवकाच्या आत घशाची एक टोपली असते, तिला बारीक फटी. फटींच्या कडेचे केस हलतात, पाणी ओढलं जातं. टोपलीच्या तळाशी एंडोस्टाइल नावाची खाच, ती सतत चिकट पदार्थाची जाळी विणून आतून पसरवत राहते. पाण्यातले सूक्ष्म शेवाळाचे कण आणि जिवाणू जाळीत अडकतात, जाळी अन्नासकट गुंडाळून पोटात जाते, मागून नवी येते. ही एंडोस्टाइल आयोडीन धरून ठेवते. आपल्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची ती पूर्वज आहे. गलगंडावर धडा असेल तेव्हा ही गोष्ट मुलांना नक्की सांगा.

आता सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं ते सांगतो. बोट्रिलस पाळणारे लोक त्याला काचपट्टीवर वाढवतात. आई-वसाहत दोऱ्याने एका काचपट्टीला बांधायची, समोर दुसरी कोरी काचपट्टी उभी करायची. सुटलेल्या अळ्या समोरच्या काचेवर बसतात. मग ती काच समुद्राच्या पाण्यात उभी टांगून ठेवायची, दर थोड्या दिवसांनी मऊ ब्रशने घाण काढायची. ही काचपट्टी खालून उजेड देऊन बघितली की सगळा व्यवहार उघडा. वसाहतीभर एकच रक्तवाहिन्यांचं जाळं, सगळे जीवक त्याला जोडलेले. कडेला त्या वाहिन्यांची फुगीर, बोटांसारखी बंद टोकं ओळीने उभी. ती आळीपाळीने फुगतात, आकसतात. रक्तपेशी एका दिशेने धावत असतात, मध्येच सगळ्या मंदावतात, क्षणभर थांबतात, आणि उलट्या दिशेने निघतात. प्रत्येक जीवकाचं हृदय म्हणजे एक साधी नळी, ती काही वेळ इकडून ठोके देते आणि काही वेळ तिकडून. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं नमुना मेला. तो मरत नाही, उलटा फिरतो. सगळ्या ॲसिडियनचं हृदय असंच.

यापुढचा भाग बोट्रिलसचा खास, आणि मला विचाराल तर त्याच्या सगळ्या चरित्रात हाच सगळ्यात मोठा.

एका वेळी वसाहतीत तीन पिढ्या एकत्र नांदतात. मोठे जीवक, जे खातात. त्यांच्या अंगाच्या कडेला फुटलेले कोंब. आणि त्या कोंबांना फुटलेले बारीक कोंब. पाणी १८-२० अंशांच्या आसपास असेल तर साधारण आठवड्याने एक दिवस असा येतो की सगळे मोठे जीवक एकाच वेळी तोंडं मिटतात. खाणं बंद. मग ते आकसू लागतात, त्यांच्या पेशी ठरवून मरतात आणि रक्तातल्या भक्षक पेशी येऊन त्यांना खाऊन टाकतात. एक-दीड दिवसात हृदय, घसा, मेंदू, सगळं गेलं. तेवढ्यात कोंबांनी त्यांची जागा घेतलेली असते. ते तोंड उघडतात, नव्या चांदण्या मांडतात, आणि जुन्यांच्या शरीराचा माल त्यांच्या वाढीला लागतो. बारीक कोंब आता एक पायरी वर सरकतात, त्यांना नवे कोंब येतात. पुढच्या आठवड्याला पुन्हा तेच. वसाहत महिनोन्‌महिने, जपली तर वर्षानुवर्षं जगते, पण तिच्यातल्या कुठल्याही जीवकाला खातं-पितं आयुष्य मिळतं ते एका आठवड्याचं. गार पाण्यात हा फेरा लांबतो, ऊबदार पाण्यात आखडतो.

ही सगळ्यांची वेळ एक कशी जुळते? रक्त सामाईक आहे, त्यामुळे निरोप एकमेकांना पोचतात, इथपर्यंत सोपं. पण म्हातारपण, पेशींचं ठरवून मरणं, मूलपेशींचं पुन्हा नवं शरीर बांधणं, या तिन्ही गोष्टी एका आठवड्यात एका काचपट्टीवर दिसतात म्हटल्यावर मोठमोठ्या प्रयोगशाळा यामागे लागल्या. इटलीचं पादुआ विद्यापीठ व्हेनिसच्या खाजणातल्या वसाहतींवर काम करतं, अमेरिकेत स्टॅनफर्डचं हॉपकिन्स मरीन स्टेशन माँटेरेच्या उपसागरातल्या. २०१३ मध्ये बोट्रिलसचा संपूर्ण जीनोम, म्हणजे जनुकांचा आख्खा आराखडा, प्रसिद्ध झाला. एका तुकड्यापासून आख्खी वसाहत परत उभी करण्याचं कसबही या कुळात आहे: बोट्रिलॉइड्स नावाच्या जवळच्या नातेवाइकाची नुसती रक्तवाहिनी उरली तरी त्यातून पूर्ण जीवक तयार होतो. बोट्रिलसला ते जमतं, पण फक्त तो अदलाबदलीचा दिवस चालू असताना.

कोंब फुटणं ही झाली वसाहतीची वाढ. नवी वसाहत होते ती अंड्यापासून. प्रत्येक जीवक नर आणि मादी दोन्ही असतो, पण एका वेळी नाही. जीवक नुकताच उघडला की अंडी तयार असतात, त्याचे स्वतःचे शुक्राणू मागून पिकतात. म्हणून शक्यतो दुसऱ्या वसाहतीचे शुक्राणू पाण्यातून येऊन अंडी फळतात. गर्भ आईच्याच अंगात वाढतो, आणि बरोबर त्या आठवड्याच्या शेवटी, आई मरायच्या आधी, अळ्या बाहेर सुटतात. वेळापत्रकाला उशीर परवडतच नाही.

ही अळी बघितली की हर्डमानिया दहावीच्या पुस्तकात पृष्ठवंशीयांच्या शेजारी का बसवला आहे ते समजतं. दिसायला बेडकाच्या पिलासारखी, शेपटीत पृष्ठरज्जू (पाठीला आधार देणारा लवचीक दांडा), त्याच्यावर पोकळ चेतारज्जू. मोठ्या चिकटलेल्या प्राण्यात यातलं काही उरत नाही. १८६६ मध्ये कोव्हालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने ॲसिडियनच्या अळीतली ही ठेवण दाखवली आणि तोवर शिंपल्यागोगलगायींच्या जवळ टाकलेला हा गट एकदम आपल्या बाजूला आला. २००६ मध्ये जनुकांच्या तुलनेवरून आणखी पक्कं झालं की पृष्ठवंशीयांचे सगळ्यात जवळचे जिवंत नातेवाईक हेच. गावातल्या कोणालाही सांगून बघा, दोरीला चिकटलेला तो गोळा गोगलगायीपेक्षा आपल्या जवळचा आहे. कोणी मानणार नाही, पण तसंच आहे.

अळीला तोंड उघडं नसतं, ती काही खात नाही. उजेड-अंधार आणि वर-खाली कळण्यापुरता एक ठिपका डोक्यात. आधी उजेडाकडे पोहते, मग अंधाऱ्या, सावलीच्या जागेला वळते, डोक्याच्या टोकाने चिकटते. शेपूट आत ओढली जाते आणि विरघळते, आतले अवयव वळून बसतात, पहिला जीवक तयार. सख्ख्या अळ्या एकमेकांजवळ बसायला बघतात असं १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं आहे. त्याचं कारण पुढच्या गोष्टीत आहे.

दोन वसाहती वाढत वाढत एकमेकांना भिडल्या की काय होतं? त्या कडेच्या फुगीर टोकांचा स्पर्श होतो आणि निवाडा सुरू होतो. एक तर मधली भिंत विरते, रक्तवाहिन्या जुळतात, दोन्हीकडचं रक्त एक होतं. नाहीतर साधारण दिवसभरात सीमेवर तपकिरी ठिपके उमटतात, तिथल्या पेशी मरतात, आणि दोघी आपापल्या बाजूला सरकून मधे भिंत घालतात. हे ठरवतं एक जनुकस्थान, ज्याची वेगवेगळी रूपं एका खाडीतच पुष्कळ असतात. नियम एका ओळीचा: दोघींकडे त्या जनुकाचं निदान एक रूप सारखं असेल तर जुळणं, एकही सारखं नसेल तर नकार. फळ्यावर मांडून दाखवण्यासारखं आहे. आईकडे क आणि ख, बापाकडे ग आणि घ. पिल्लं चार प्रकारची: कग, कघ, खग, खघ. आता कग-ला कोण चालेल? कग चालेल, कघ चालेल, खग चालेल, खघ चालणार नाही. चारातल्या तिघांशी जुळतं. आईशी तर प्रत्येक पिल्लाचं जुळतंच. परक्याशी मात्र क्वचितच, कारण रूपं इतकी की योगायोगाने सारखी पडणं अवघड. म्हणजे हा नियम व्यवहारात नातं ओळखण्याचं काम करतो.

आणि जुळणं नेहमी फायद्याचंच असतं असं समजू नका. रक्त एक झालं की एका वसाहतीच्या मूलपेशी दुसरीत शिरतात. कधी असं होतं की पुढच्या पिढीची अंडी आणि शुक्राणू सगळे त्या शिरलेल्या पेशींचेच. घर एकाचं, वारस दुसऱ्याचे. मग सख्ख्यांशीच जुळायचं ही अट का पडली असेल ते लक्षात येतं: वारसा गेला तरी घरातल्या घरात गेला. मूत्रपिंड बसवलेल्या माणसाचं शरीर ते नाकारतं, त्या प्रश्नाशी याची ओढ आहे म्हणून वैद्यकातले लोकही हे वाचतात. यंत्रणा मात्र आपली आणि त्याची वेगळी. पुष्कळ ठिकाणी एकच असल्यासारखं लिहितात ते चूक.

आता राहण्याची जागा. उथळ, शांत, खारं पाणी आणि चिकटायला टणक काहीतरी: धक्क्याचे खांब, बोया, दोर, होडीचं बूड, शिंपले, समुद्रगवताची पानं, खडकाची खालची बाजू. भर उन्हात सहसा नाही, लाटा थेट आपटतात तिथे नाही, आणि गाळ बसतो तिथे तर नाहीच, कारण गाळ टोपलीच्या फटी बुजवतो. ओहोटीच्या रेषेपासून खाली काही मीटरमध्ये सगळ्यात जास्त. मूळचा युरोपच्या बाजूचा मानतात, पण जहाजांच्या बुडाला चिकटून आता तो जवळपास सगळ्या खंडांच्या बंदरांत पोचला आहे. एकच जात म्हणतो त्यातही दिसायला सारख्या पण जनुकांनी वेगळ्या शाखा निघाल्या. त्यातली एक २०२० मध्ये बोट्रिलस गाये म्हणून वेगळी काढली. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर शिंपल्यांच्या माळांवर तो इतका चढतो की माळा जड होतात आणि शिंपल्यांच्या वाटचं अन्न तो गाळून घेतो. गोगलगायी, समुद्रातले बिनशिंपल्याचे गोगलगायीचे भाऊबंद आणि चपटे कृमी त्याला खातात, पण बंदरात त्यांना पुरून उरतो.

आपल्या किनाऱ्यावर या कुळातल्या वसाहती आहेत. कोकणातल्या खाड्यांमध्ये पावसाळा त्यांचा काळ ठरतो: जून-जुलैत नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ उतरला की खाडीच्या तोंडाशी खांब जवळपास धुतल्यागत होतात, आणि पाऊस सरल्यावर पाणी पुन्हा खारं झालं की बाहेरून आलेल्या अळ्या नव्याने बसू लागतात. शाळेची सहल मालवण-रत्नागिरीकडे नेलीत तर डिसेंबर-जानेवारीत न्या. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सगळ्यात खोल जाते. खडकाची खालची बाजू बघा, किंवा कोळी दादांना विचारून पाण्यात बराच काळ राहिलेला दोर वर ओढायला सांगा. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवायचा, नाहीतर खालच्या बाजूचे सगळे जीव उन्हाने मरतात. नमुना ठेवायचाच असेल तर थेट स्पिरिटमध्ये टाकू नका, जीवक आकसून नुसता गोळा उरतो. आधी समुद्राच्या पाण्यात पुदिन्याच्या फुलाचे (मेंथॉलचे) थोडे खडे टाकून तास-दोन तास ठेवा. तोंडं उघडी राहून ते सुस्त होतात, मग स्पिरिट. रंग तरीही जाणार, म्हणून फोटो आधी काढा.

या कुळाबाहेरचा एक भाऊबंद जाता जाता सांगतो. कॅरिबियन समुद्रात खारफुटीच्या मुळांवर एक्टिनासिडिया टर्बिनाटा नावाचा वसाहतीचा ॲसिडियन राहतो. त्याच्यापासून मिळालेलं ट्राबेक्टेडिन हे मऊ ऊतींच्या कर्करोगावरचं औषध युरोपात २००७ पासून आणि अमेरिकेत २०१५ पासून वापरात आहे.

आता तुमचा गोळा. वर्णनावरून तो ब्रायोझोआ वाटतो. हेही वसाहत करून राहणारे, पाणी गाळून खाणारे, पण पृष्ठरज्जूशी त्यांचा काही संबंध नाही, आणि त्यांच्यातले काही गोड्या पाण्याचेच. आपल्या भागाचा या प्राण्यांच्या इतिहासात मानही आहे. नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी होते, दगड, जीवाश्म, जे दिसेल ते गोळा करणारे. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्यांनी नागपुरात धरलेल्या एका ब्रायोझोआचं वर्णन मुंबईच्या डॉ. कार्टर यांनी १८५८ मध्ये केलं आणि नाव ठेवलं हिस्लोपिया लॅकुस्ट्रिस. पुढे १८६३ मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं खणून परतताना हिस्लॉप पाण्यात बुडून वारले. पण हिस्लोपिया म्हणजे पानावर किंवा गोगलगायीच्या शिंपल्यावर बसलेला पातळ पापुद्रा. तुमच्यासारखा गरगरीत गोळा करणारे दुसऱ्या गटातले. लोफोपोडेला कार्टेरी त्यापैकी एक, तोही कार्टरना मुंबईला मिळालेला.

खात्री करायला महागडं काही लागत नाही. गोळा काडीसकट, बोडीच्याच पाण्यात, काचेच्या किंवा पांढऱ्या ताटलीत ठेवा. पाव तास कोणी हात लावायचा नाही, ताटली हलवायची नाही. मग भिंगाने बघा. ब्रायोझोआ असेल तर गरातून बारीक पारदर्शक दांड्यांचे तुरे बाहेर येतील, घोड्याच्या नालाच्या आकाराचे. ताटलीला टिचकी मारा: सगळे तुरे झटकन आत. तुरे मुळीच आले नाहीत आणि गरात नुसते एकसारखे ठिपके दिसले तर गोगलगायीची अंडी समजा. गोळा हिरवा-निळसर आणि आत धाग्यांच्या माळा असतील तर ते नीलहरित शेवाळ. ब्रायोझोआत आणखी एक खूण शोधा: गराच्या आत तपकिरी-काळे चपटे दाणे. त्यांना स्टॅटोब्लास्ट म्हणतात. बोडी उन्हाळ्यात आटली, वसाहत वाळून गेली, तरी हे दाणे चिखलात टिकतात आणि पाणी भरलं की त्यातून नवी वसाहत उगवते. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत जगायचं तर असंच काहीतरी जवळ असावं लागतं. बोट्रिलसकडे ते नाही. दाण्याच्या दोन्ही टोकांना बारीक आकडे दिसले तर लोफोपोडेला असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. हा फोटो शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून मोबाइल लावून निघतो, तो आणि बोडीच्या पाण्याचा सामू मला पाठवा. ॲपला दुसरा फोटो टाकायच्या भानगडीत पडू नका.

दोन सावधगिरी. लोफोपोडेला चिरडला तर त्याच्या अंगातला रस माशांच्या कल्ल्यांना घातक ठरतो, म्हणून मासळी ठेवलेल्या बादलीत किंवा शाळेच्या मत्स्यटाकीत गोळा टाकायचा नाही. आणि प्रदर्शन झाल्यावर काडी दुसऱ्या तलावात न टाकता त्याच बोडीत परत न्या. मासेमारी करणाऱ्या ढीवर मंडळींनी माशांचं बीज सोडलेल्या तलावात तर अजिबात नको. हे दाणे जाळ्याच्या दोऱ्यांना चिकटून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात सहज जातात.